रूळ बदलताना गाडी का अडते?

रविवारी मेगाब्लॉक असला की मुंबईकराच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : माटुंगा ते मुलुंडदरम्यान जलद मार्गावरच्या गाड्या धीम्या मार्गावर वळवण्यात येतील. मग माटुंग्याच्या आसपास लोकल हळू होते, चाकांखाली खडखड सुरू होते, उभ्या माणसाचा हात आपोआप कडीकडे जातो. डबा आधी एका अंगाला आणि लगेच दुसऱ्या अंगाला कलतो, आणि गाडी शेजारच्या रुळांवर गेलेली असते. दोन समांतर मार्गांना जोडणाऱ्या त्या तिरक्या वाटेला रेल्वेवाले क्रॉसओव्हर म्हणतात. मोठ्या गाडीला तिथे फार तर वेग कमी करावा लागतो. घरातल्या छोट्या गाडीचा मात्र तिथे जीवच जातो.

आमच्याकडे आठ बाय चार फुटांच्या प्लायवर दोन लंबगोल मार्ग आहेत, एकात एक. पाहायला आलेला माणूस पहिली पाच मिनिटं कौतुक करतो. मग मी गाडी बाहेरच्या मार्गावरून आतल्या मार्गावर घ्यायला जातो. पहिल्या वर्षी तरी या क्षणी दिवे जायचे, गाडी गपकन थांबायची आणि पाहुणा हटकून विचारायचा, "अहो, सरळ तर झकास पळत होती. मग इथेच काय झालं?"

या प्रकरणात त्याच प्रश्नाचं उत्तर शोधू. एक सांगून ठेवतो, उत्तर गाडीत नाही, रुळांत आहे. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येतं. तिथे गेलात तर मुलांना गाड्या बघू द्या आणि आपण सांध्यांकडे बघा. खरी करामत तिथे आणि टेबलाखाली असते.

१. गाडीत बॅटरी नाही, मग वीज कुठून?

खेळण्यातली गाडी हातात घेतली की लोक ती उलटी करून बॅटरीचं झाकण शोधतात. आपल्या गाडीला ते नसतं. कंट्रोलर नावाच्या डबीतून दोन वायरी निघतात. एक लाल, ती एका रुळाला जोडलेली. दुसरी काळी, ती दुसऱ्या रुळाला. वीज लाल रुळातून त्या बाजूच्या चाकात, चाकातून मोटरीत आणि मोटरीतून पलीकडच्या चाकावाटे काळ्या रुळात जाते. बल्बला दोन वायरी लागतात तशातलाच प्रकार, फक्त वायरींच्या जागी रूळ आहेत आणि बल्ब त्यांच्यावरून धावतो आहे.

नेहमीच्या साध्या पद्धतीत हा दाब शून्य ते बारा व्होल्टपर्यंत असतो आणि वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. दाब वाढवला की वेग वाढतो, लाल-काळ्याची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. हाताला झटका बसायचा प्रश्न नाही.

यात एक अट दडलेली आहे. डावं चाक आणि उजवं चाक एकाच आसावर असतात, आणि आस लोखंडी असला तर लाल रूळ काळ्याला थेट चिकटलाच म्हणायचा. मोटरीची वाट सोडून सगळी वीज त्या आडवाटेने धावेल. यालाच आपण शॉर्ट झालं म्हणतो. म्हणून छोट्या गाडीच्या आसात किंवा चाकाच्या मध्यभागी प्लॅस्टिकचा अडसर घालून दोन्ही चाकं एकमेकांपासून तोडलेली असतात.

गंमत म्हणजे खऱ्या रेल्वेत हाच शॉर्ट मुद्दाम घडवून आणतात. दोन रुळांमध्ये अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या लोखंडी चाक-आसामुळे ती शॉर्ट होते, एक रिले सुटतो आणि सिग्नलला कळतं की या टप्प्यात गाडी आहे. ट्रॅक सर्किट नावाची ही युक्ती अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये काढली. तिकडे शॉर्ट म्हणजे गाडी आल्याची खूण, इकडे शॉर्ट म्हणजे खेळ खलास.

दोन रुळांना दोन वेगळ्या बाजू देण्याच्या या पद्धतीतूनच पुढची सगळी डोकेदुखी सुरू होते. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने ती टाळली. त्यांच्याकडे रुळांच्या मधोमध वेगळी वाट असते आणि बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एकच. ब्रिटनच्या हॉर्नबी डब्लो गाड्याही १९३८ पासून तीन रुळांवरच धावत होत्या. १९५९ मध्ये त्या दोन रुळांवर आल्या. दिसायला ते खऱ्या रेल्वेसारखं झालं, पण सांध्यांच्या वायरिंगचं काम हौशी माणसाच्या गळ्यात पडलं.

२. सांधा उघडून पाहू

एका मार्गाला जिथे फाटा फुटतो ती जागा म्हणजे सांधा. तो हलवणारा माणूस म्हणजे सांधेवाला. सांध्यात दोन बाहेरचे रूळ सलग जातात, एक सरळ आणि एक वळणारा. हे कधीच हलत नाहीत. त्यांच्या आत दोन निमुळत्या पट्ट्या असतात, त्यांना आपण जिभा म्हणू. एका वेळी एकच जीभ आपल्या शेजारच्या रुळाला चिकटते. कोणती चिकटली यावर गाडी सरळ जाणार की वळणार ते ठरतं.

जिभांच्या पुढे, फाटा खरोखर वेगळा होतो तिथे, सरळ वाटेचा एक रूळ आणि वळणाऱ्या वाटेचा एक रूळ एकमेकांना छेदतात. त्या व्ही आकाराच्या टोकाला छोट्या रेल्वेच्या दुनियेत फ्रॉग म्हणतात. बेडकाशी त्याचा संबंध नसावा. घोड्याच्या खुराच्या तळाशी असाच एक व्ही आकाराचा भाग असतो, त्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे, आणि रुळांना ते तिथून मिळालं असं मानतात. आपल्या रेल्वेतली माणसं त्याला नुसतं क्रॉसिंग म्हणतात.

या प्रकरणातला सगळा वाद या व्हीच्या मालकीचा आहे. सरळ जाणाऱ्या गाडीचं चाक या टोकावरून जातं तेव्हा ते टोक एका रुळाचा भाग असतं, समजा काळ्या. वळणाऱ्या गाडीचं पलीकडच्या बाजूचं चाक त्याच टोकावरून जातं तेव्हा ते लाल रुळाचा भाग असायला हवं. धातूचा तुकडा एकच, मालक दोन आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर.

३. मुका फ्रॉग आणि जिवंत फ्रॉग

या वादावर सांधे बनवणाऱ्यांनी दोन तोडगे काढले. पहिला म्हणजे टोकच प्लॅस्टिकचं करायचं. वीजच नाही, मग भांडण कसलं? पेको ही इंग्लंडची कंपनी अशा सांध्याला इन्सुलफ्रॉग म्हणते. दुसरा तोडगा म्हणजे टोक धातूचंच ठेवायचं आणि सांधा जसा वळेल तशी त्याची बाजू बदलायची. तो इलेक्ट्रोफ्रॉग. मी पहिल्याला मुका आणि दुसऱ्याला जिवंत म्हणतो.

मुका फ्रॉग लावायला सोपा. पण लांब इंजिनाला जो खड्डा जाणवतही नाही तो छोट्या शंटर इंजिनाला गिळून टाकतो. चार चाकांच्या शंटरला एका बाजूला दोनच चाकं. त्यातलं एक प्लॅस्टिकवर आलं की सगळी भिस्त दुसऱ्यावर, आणि त्या चाकाखाली धुळीचा एक कण असला तरी गाडी ठप्प. मग तुम्ही बोटाने हलकेच ढकलता. पाहुणे हसतात.

मुक्या फ्रॉगची आणखी एक खोड आहे. प्लॅस्टिकच्या टोकालगत लाल आणि काळ्या रुळांची टोकं अगदी जवळजवळ येतात. रुंद चाक दोन्हींवर एकदम टेकलं की क्षणभर ठिणगी उडते. यावर हौशी मंडळींचा जुना इलाज म्हणजे बायकोच्या ड्रेसिंग टेबलावरचं बिनरंगी नेलपॉलिश. टोकापासून चार-पाच मिलिमीटर रुळाच्या माथ्यावर एक पातळ हात द्यायचा, म्हणजे तेवढा भाग विजेला बंद होतो. महिन्या-दोन महिन्यांनी ते झिजतं, पुन्हा लावायचं.

माझं मत विचाराल तर जिवंत फ्रॉग घ्या. वायरिंग एकदाच करावं लागतं, ढकलावं रोज लागतं. पुढचे तीन भाग जिवंत फ्रॉग धरूनच लिहिले आहेत.

४. दोन सांधे समोरासमोर आले की

आता एक कागद घ्या आणि माझ्याबरोबर रेघा ओढा, नाहीतर हा भाग डोक्यावरून जाईल. दोन समांतर मार्ग काढा, डावीकडून उजवीकडे जाणारे. टेबलाच्या पलीकडच्या काठाकडचा मार्ग अ, तुमच्याकडचा ब. दोन्ही मार्गांचा पलीकडचा रूळ लाल पेन्सिलीने काढा आणि अलीकडचा काळ्या. वरून खाली वाचलं तर लाल, काळा, लाल, काळा.

अ मार्गावर डावीकडे एक सांधा काढा. त्याचा फाटा खाली उजवीकडे येतो. ब मार्गावर उजवीकडे दुसरा सांधा काढा. त्याचा फाटा वर डावीकडे जातो. दोन्ही फाटे मध्ये भेटले की झाला क्रॉसओव्हर. मधल्या तिरक्या तुकड्याला आपण पूल म्हणू.

आता पुलाच्या दोन रुळांवरून बोट फिरवा. पुलाचा पलीकडचा रूळ कुठून निघतो? पहिल्या सांध्याच्या फ्रॉगमधून. आणि कुठे जातो? दुसऱ्या सांध्याच्या पलीकडच्या सलग रुळात, जो कायमचा लाल आहे. पुलाचा अलीकडचा रूळ पहिल्या सांध्याच्या अलीकडच्या सलग रुळातून निघतो, तो कायमचा काळा, आणि दुसऱ्या सांध्याच्या फ्रॉगमध्ये जाऊन मिळतो. म्हणजे प्रत्येक फ्रॉग समोरच्या सांध्याच्या सलग रुळाला जोडला गेला आहे.

दोन्ही सांधे वळणावर असतील तर यात काही वावगं नाही. पहिला फ्रॉग लाल, तो जातो लालला. दुसरा फ्रॉग काळा, तो जातो काळ्याला. गाडी पुलावरून आरामात जाईल.

आता दोन्ही सांधे सरळ करा. अ वरची गाडी अ वरच राहणार, तेव्हा पहिला फ्रॉग अ मार्गाच्या अलीकडच्या रुळाचा भाग झाला, म्हणजे काळा. पण पुलाच्या रुळाने तो अजून कायमच्या लालला बांधलेला आहे. शॉर्ट. दुसरा फ्रॉग ब मार्गाच्या पलीकडच्या रुळाचा भाग, म्हणजे लाल, आणि तो बांधलेला आहे काळ्याला. दुसरा शॉर्ट. गाडी पुलाच्या जवळपासही नाही, आपल्या मार्गाने सरळ चालली आहे, तरी सगळं बंद.

नवखा माणूस इथेच चकतो. रूळ बदलताना बिघाड होतो म्हणून तो वळणाकडे बघत बसतो, आणि सांधा सरळ असतानाच्या स्थितीत दोष दडलेला असतो.

५. चार काप

ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नाही. पाटातून पाणी एका सरीत सोडायचं तर आधी आधीच्या सरीचं तोंड मातीच्या ढेकळाने बुजवावं लागतं. न बुजवता नवं तोंड फोडलं तर पाणी दोन्हीकडे पसरतं आणि धड कुठेच पोचत नाही. विजेचंही असंच. आधी बांध, मग पाणी.

आपला बांध म्हणजे रुळातला काप. नवीन रूळ टाकताना दोन रूळ जोडायच्या धातूच्या फिशप्लेटऐवजी प्लॅस्टिकची वापरायची, इतकं साधं. कागदावर आता चार काप मारा.

पहिले दोन पुलावर, दोन्ही रुळांना, शक्यतो पुलाच्या मध्यावर आणि समोरासमोर. का, ते पुढे सातव्या भागात कळेल. यांनी वरचे दोन्ही शॉर्ट संपतात.

उरलेले दोन बरेच जण विसरतात. पहिल्या फ्रॉगमधून पुलाखेरीज आणखी एक रूळ निघतो, अ मार्गाचा अलीकडचा रूळ, सरळ उजवीकडे. पुढे कुठेतरी त्याला काळी वायर जोडलेली असणारच. सांधा वळवला की फ्रॉग लाल होतो आणि मागून येणाऱ्या काळ्याशी भिडतो. म्हणून अ च्या अलीकडच्या रुळाला फ्रॉगच्या उजवीकडे एक काप. त्याच न्यायाने ब च्या पलीकडच्या रुळाला दुसऱ्या फ्रॉगच्या डावीकडे एक.

काप मारला म्हणजे पलीकडचा रूळ अनाथ झाला, हे ध्यानात ठेवा. त्याला खालून आपली वायर द्यायला हवी. अ च्या कापापलीकडे काळी, ब च्या कापापलीकडे लाल. या उभ्या छोट्या वायरींना ड्रॉपर म्हणतात. नुसत्या फिशप्लेटवर विसंबू नका, त्या सैल होतात आणि आतून काळवंडतात. रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. (जर्मनचं पातेलं ते वेगळं, ते ॲल्युमिनियमचं.) यावर सोल्डर छान धरतं. रुळाची बाहेरची बाजू काचपेपरने घासायची, वायरीच्या टोकाला आधी सोल्डर चढवायचं आणि तापलेली सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवायची. त्याहून जास्त टेकवली तर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात.

रूळ आधीच ठोकून झाले असतील तर सोनाराच्या बारीक करवतीने काप घेता येतो. पण तो मोकळा सोडू नका. हे मी महागात शिकलो. माझा क्रॉसओव्हर रात्री उत्तम चालायचा आणि मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास शॉर्ट व्हायचा. आठवडाभर मी कंट्रोलरवर संशय घेतला, दुरुस्तीवाल्याकडे दोन हेलपाटे घातले. अखेर एका दुपारी टॉर्च आणि भिंग घेऊन पालथा पडलो तेव्हा दिसलं, की काप मिटला होता. हिशेब अगदी साधा आहे. एक मीटर लांबीचा असा रूळ वीस अंशांनी तापला तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. माझी करवत त्याहून फार जाड नव्हती, आणि खालचं प्लायही ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं. आता मी कापात प्लॅस्टिकची चकती सारतो, ॲराल्डाइटने चिकटवतो आणि वाळल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासून घेतो.

६. फ्रॉगला वीज कोण देणार?

बांध घातले, आता पाणी सोडायचं. सांधा विकत घेतला तसाच वापरला तर फ्रॉगला वीज जिभेवाटे मिळते. जी जीभ ज्या रुळाला चिकटली त्याची वीज तिच्यातून फ्रॉगकडे. युक्ती सुंदर आहे, पण सगळी भिस्त जिभेच्या टोकाच्या स्पर्शावर. खडीचा एक दाणा मध्ये आला, रंगाचा थेंब पडला, पावसाळ्यात धातू काळवंडला, की संपलं. दुसरी अडचण अशी, की उघडी राहिलेली जीभही फ्रॉगच्याच बाजूची असते, म्हणजे शेजारच्या रुळाच्या विरुद्ध. एखाद्या वाकड्या चाकाची पाठ तिला घासली की पुन्हा शॉर्ट.

म्हणून फ्रॉगला स्वतंत्र स्विच द्यावा. जिन्यातल्या दिव्याचा टू-वे स्विच आठवा. त्यात एक मधलं टोक असतं आणि ते एका वेळी दोनांपैकी एकाला जोडलं जातं. इथे मधलं टोक फ्रॉगला, बाकीची दोन लाल आणि काळ्याला. सांधा हलवणाऱ्या यंत्रानेच हा स्विच हलला पाहिजे, म्हणजे विसरायची सोय नको. टॉर्टाइज नावाच्या प्रसिद्ध संथ मोटरीत असे दोन स्विच आतच बसवलेले असतात. कॉइलची झटका मोटर असेल तर तिच्या दांड्याला मायक्रोस्विच लावता येतो.

दोन्ही फ्रॉगचा हिशेब मात्र उलटसुलट आहे. सांधे सरळ असताना पहिला फ्रॉग काळा, दुसरा लाल. सांधे वळवल्यावर पहिला लाल, दुसरा काळा. कागदावर लिहूनच वायर जोडा. मी तोंडी लक्षात ठेवायला गेलो आणि दुसऱ्याचं कनेक्शन उलटं केलं. काही जळत नाही, पहिल्या खेपेलाच शॉर्ट होतो आणि त्या दोन वायरींची अदलाबदल केली की सुटतो.

दोन सांधे दोन वेगळ्या बटणांवर ठेवू नका. एक सरळ आणि एक वळलेला, अशा क्रॉसओव्हरला काही अर्थच नाही, गाडी उलट्या जिभेवर चढून उतरेल. दोन्ही मोटरी एकाच स्विचवर जोडा. एखादी उलट्या बाजूला हलली तर तिच्या वायरी पालटा. कॉइलच्या मोटरींना एकदम दोन म्हणजे झटका जोरदार हवा, त्यासाठी मोठ्या कपॅसिटरचा संच मिळतो. तो हळूहळू भरतो आणि एका दमात रिकामा होतो. बटण दाबून धरलं गेलं तरी कॉइल जळत नाही, हा त्याचा खरा फायदा.

स्विच आणि रिले यांचं हे वेड भलतीकडेही नेऊ शकतं. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा छोट्या रेल्वेचा एक क्लब १९४० च्या दशकात सुरू झाला. त्यातली काही मुलं गाड्यांकडे बघायचीही नाहीत, टेलिफोनच्या जुन्या रिलेंनी टेबलाखालचं वायरिंग सजवत बसायची. पुढे तीच मुलं संस्थेच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली. हॅक आणि हॅकर हे शब्द आजच्या अर्थाने त्या टेबलाखालूनच बाहेर आले.

७. दोन कंट्रोलर, एक पूल

अ ला एक कंट्रोलर आणि ब ला दुसरा, अशी साधारण मांडणी असते. पुलाच्या मध्यावरचे समोरासमोरचे काप आता कामी येतात. डावा अर्धा पूल अ चा, उजवा ब चा. पहिल्या फ्रॉगच्या दोन्ही वायरी अ च्या लाल-काळ्यातून घ्या, दुसऱ्याच्या ब च्या. सरमिसळ करू नका.

लंबगोलावर अ वरची गाडी घड्याळाच्या दिशेने जाते आहे आणि ब वरची उलट, असं समजा. खऱ्या अप-डाउनसारखं छान दिसतं. पण अशा वेळी ब चा लाल रूळ प्रत्यक्षात काळा झालेला असतो, कारण दिशा उलटवायची म्हणजे बाजू उलटवायची. आता अ वरची गाडी पुलावर घाला. पूल ओलांडल्याने गाडीची दिशा बदलत नाही, ती घड्याळाच्या दिशेनेच ब वर जाऊ बघते. तिची पुढची चाकं ब वर, मागची अ वर. आठ व्होल्ट इकडून, आठ व्होल्ट तिकडून आणि बाजू उलट. गाडीच्या आतल्या वायरींवाटे दोन्ही कंट्रोलर एकापुढे एक जोडले गेले, सोळा व्होल्टचा शॉर्ट झाला. बाजू सारखी असती तर एवढं बिघडलं नसतं, वेग जुळत नसला तर एक हिसका बसला असता इतकंच.

इलाज दोन. गरीब इलाज असा, की ब वरची गाडी थांबवून त्याचा कंट्रोलर अ च्याच दिशेला लावायचा आणि गुंडी साधारण तेवढीच फिरवायची. बरा इलाज म्हणजे प्रत्येक मार्गाला मध्ये बंद असलेला, दुहेरी टोकांचा टॉगल स्विच. वर केला की पहिला कंट्रोलर, खाली केला की दुसरा, मध्ये बंद. पूल ओलांडताना दोन्ही मार्ग एकाच कंट्रोलरवर घ्यायचे आणि एकाच गुंडीने गाडी पार न्यायची. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा स्विच, म्हणजे सहा टोकांचा डीपीडीटी, मागितला की दुकानदार न विचारता काढून देतो. मधली बंद जागा हवी हे मात्र आवर्जून सांगा.

८. डिजिटलवाल्यांसाठी थोडक्यात

डीसीसी नावाच्या डिजिटल पद्धतीत रुळांची बाजू सेकंदाला हजारो वेळा पालटते आणि त्या पालटण्याच्या लयीतच गाडीला दिलेला हुकूम असतो. पालट ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो एक, १०० किंवा अधिक असला तर शून्य. दिशा गाडीतली चिप ठरवते, त्यामुळे सातव्या भागातलं अप-डाउनचं दुखणं इथे नाही.

शॉर्ट मात्र शॉर्टच. फ्रॉगचे काप आणि स्विच जसेच्या तसे लागतात. उलट इथे जास्त जपायला हवं. रुळांत पंधरा व्होल्ट आणि मागे पाच अँपिअर द्यायची ताकद असेल तर गुणाकार ७५ वॅट. घरातली सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. संरक्षणाने वेळेवर वीज तोडली नाही तर तेवढी उष्णता एका चाकाच्या टोकावर उतरते. डीसीसीत शॉर्ट ओळखून फ्रॉगची बाजू आपोआप पालटणारे छोटे बोर्डही मिळतात, स्विचची गरजच राहत नाही. साध्या डीसीवर ते चालत नाहीत.

९. बल्ब सांगेल

वायरिंग झालं की लगेच गाडी ठेवू नका. कंट्रोलरच्या लाल वायरीत मध्येच कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घाला. शॉर्ट नसेल तर तो विझलेलाच राहतो. शॉर्ट झाला की तो झगझगीत पेटतो आणि २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज रोखून धरतो. कंट्रोलर वाचतो, आणि तुम्हाला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं.

गुंडी पूर्ण फिरवा. दोन्ही सांधे सरळ ठेवा, बल्बकडे बघा. वळवा, बघा. पेटला तर ज्या स्थितीत पेटला तीवरून दोष सापडतो. सरळ असताना पेटला तर पुलावरचे काप तपासा, वळवल्यावर पेटला तर मुख्य मार्गावरचे दोन. दोन्ही वेळा पेटला तर एखाद्या फ्रॉगच्या वायरी उलट्या आहेत. मग एक रुपयाचं नाणं दोन रुळांवर आडवं टेकवून प्रत्येक तुकड्यावर फिरवा. जिथे नाणं टेकवूनही बल्ब पेटत नाही तिथे ड्रॉपर द्यायचा राहिला आहे. माझ्या पुलापलीकडच्या एका हातभर रुळावर असंच झालं होतं.

मग सगळ्यात छोटं इंजिन काढा, चार चाकांचा शंटर. डबे जोडू नका, खोलीतला दिवा मालवा आणि गुंडी जेमतेम फिरवा, इतकी की गाडी रांगत जाईल. समोरचा मिणमिणता दिवा फ्रॉगवर येतो तेव्हा त्याच्याकडे बघा. तो लुकलुकला तर चाक पुसायचं की रूळ, ते बघू. आमचा परवा लुकलुकला नाही. शंटर पुलावरून ब वर उतरला आणि रांगत रांगत टेबलाच्या कोपऱ्याला वळला.